उकंडरावचं एक मत

पंजाबराव तेलगोटे गुरुजींचं निवडणुकीवरचं व्याख्यान ऐकलं नाही, असा माणूस अमरावतीच्या प्रबुद्ध कॉलनीत शोधूनही सापडला नसता. नांदगाव खंडेश्वरच्या हायस्कुलात त्यांनी उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलं. पोरं तो विषय भाजीतल्या कढीपत्त्यासारखा बाजूला काढून ठेवायची, पण गुरुजींनी जिवापाड सांभाळला. निवडणूक लागली की बाकीचे मास्तर ड्यूटी टाळायला डॉक्टरची सर्टिफिकेटं गोळा करत फिरायचे आणि हे आदल्या दिवशीच पिशवी भरून तयार असायचे. रिटायर होऊन कॉलनीत घर बांधल्यावर ऐकायला पोरं उरली नाहीत, म्हणून मग कॉलनीला ऐकावं लागलं.

कॉलनीत एक बुद्धविहार होतं आणि विहाराला समिती होती. दर तीन वर्षांनी समितीचा अध्यक्ष निवडायचा आणि त्या निमित्तानं भांडायचं, असा रिवाज पडला होता. सुरुवातीला अध्यक्ष एकमतानं निवडत. एकमत म्हणजे चार जणांनी आधी ठरवायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पुढे कोणीतरी म्हणालं, ही कसली लोकशाही, तेव्हा हात वर करून मतं घेतली. त्यात गवईंच्या सुनेचा हात सासऱ्यांच्या विरोधात वर गेला, सासऱ्यांनी तो पाहिला, आणि वर्षाच्या आत त्या घरात दोन गॅस झाले. त्यानंतरच्या खेपेला गुप्त चिठ्ठ्या आल्या. उभे राहिले तिघं, मतं फुटली, आणि सगळ्यांत जास्त मतं म्हणून जो निवडून आला त्याला दर तिघांपैकी दोघांनी नाकारलेलं होतं. ते दोघं तीन वर्षं कुरकुरत राहिले आणि अध्यक्ष तीन वर्षं मिरवत राहिला.

यंदा गुरुजींनी मनावर घेतलं. शिक्षक मतदारसंघात ते कितीदा तरी मत देऊन आले होते. तिथं शिक्का नाही, बटण नाही. जांभळ्या पेनानं नावापुढं आकडे लिहायचे. तीच पद्धत विहारात आणायची, असा त्यांनी घाटच घातला. पावसाळ्यातल्या वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन संपलं की ते फळ्यापाशी उभे राहायचे. आपल्याला जो सगळ्यांत पसंत त्याच्यापुढं एक, त्याच्यानंतर जो चालेल त्याच्यापुढं दोन, मग तीन. आधी फक्त एक नंबर मोजायचे. कोणाला अर्ध्याहून जास्त मिळाले तर तो आला. नाही मिळाले तर सगळ्यांत खालच्याला बाद करायचं, त्याच्या चिठ्ठ्यांवर दोन नंबर कोणाला आहे ते पाहायचं आणि ती मतं त्या माणसाला द्यायची. मत फुटत नाही, वाया जात नाही. मनातल्या माणसाला बिनधास्त पहिला नंबर द्या, असं ते बजावून सांगत. बाया हसायच्या. महापालिकेला चार बटणं दाबून बोट दुखलं, आता गुर्जी गणितं सोडवाले लावते म्हणायच्या. एकदा गवईंच्या त्याच सुनेनं विचारलं, की एखाद्याले सगळ्यायनंच दोन नंबर देल्ला तं त्याचं काय होईन? गुरुजी हसले आणि असं कधी होत नसतं म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, हे पुढं कळायचं होतं.

पद्धत मंजूर झाली, पण उमेदवार मिळाले दोनच. एक इंगळे साहेब, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, ज्यांच्या फोनवर तहसीलदारही उभा राहून बोलतो असं त्यांची माणसं सांगत. दुसरा नितेश वानखडे, कोचिंग क्लासवाला, पोरांचा लाडका. दोघांची माणसं एकमेकांच्या घरचा चहा पीत नव्हती. आता दोनच उमेदवार असले तर पसंतीक्रम कशाचा? पंक्तीत एकच भाजी असताना वाढप्यानं काय वाढू म्हणून विचारण्यासारखंच ते. गुरुजींच्या इतक्या दिवसांच्या फळ्यावर पाणी पडणार होतं. त्यांना तिसरा माणूस पाहिजे होता, आणि तेव्हा त्यांना उकंडराव आठवला.

उकंडराव खंडारे मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. कॉलेजात असताना अमरावतीच्या होस्टेलवर दोघं एका खोलीत होते. पंजाबराव बी.ए., बी.एड. झाले, उकंडराव दुसऱ्या वर्षाला इंग्रजीत गचकला आणि लाइनमन होऊन खांबावर चढला. आता तोही रिटायर, बायको वारलेली, दोन्ही पोरं पुण्यात. विहाराची झाडझूड, सतरंज्या, माईक, पंखे, कोणाच्या मयतीची धावपळ, सगळं तोच बघायचा. गुरुजींच्या मुलीच्या, भावनाच्या लग्नात ऐन मंगल परिणयाच्या वेळी लाइट गेली, तेव्हा नवीन सफारीसकट हाच खांबावर चढला होता. कॉलनीत त्याच्याशी वैर असलेला माणूस नव्हता. आणि आईबाप गेल्यानंतर गुरुजींना ‘पंजाब’ म्हणून हाक मारणारा जगात हा एवढाच उरला होता.

उभा राहा म्हटल्यावर उकंडराव घाबरलाच. विहाराच्या पायरीवर बसून वायर सोलता सोलता तो नाही नाही म्हणत राहिला. आपल्याला भाषण येत नाही, पाहुणे आले तर त्यांच्याशी काय बोलावं कळत नाही. गुरुजींनी त्याला पटवलं, की दोन गटांच्या भांडणात तूच एक मधला माणूस आहेस.

“एकबी मत नाई पडलं तं फजिती होईन ना राजा,” उकंडराव म्हणाला.

“एक तं पक्कं धर. पहिला नंबर माह्या तुले.”

उकंडरावनं वायर खाली ठेवली. “तू म्हनतं तं राह्यतो उभा,” एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज भरला.

गुरुजींनी शब्द दिला तेव्हा तो खराच होता, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. पण मतदानाच्या आठवड्यात इंगळे साहेब घरी आले. पांढरी गाडी दारात उभी राहिली, शेजारच्या खिडक्या उघडल्या. साहेबांनी मत मागितलंच नाही. विहाराला वाचनालय करायचं मनात आहे म्हणाले, कागदपत्रं नीट ठेवणारा, चार लोकांत बोलू शकणारा सचिव पाहिजे म्हणाले, आणि तो माणूस माझ्या समोरच बसला आहे, असं म्हणून चहा संपवून निघून गेले. गुरुजींच्या पत्नी जमुनाबाई कप उचलून आत गेल्या. सचिव पंजाबराव तेलगोटे, हे शब्द गुरुजींना निमंत्रणपत्रिकेवर छापल्यासारखे दिसायला लागले होते.

मतदान आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी झालं. कोपऱ्यात उकंडरावनंच दोरी बांधून चादरीचा आडोसा केला होता. निवडणूक अधिकारी गुरुजी, नियम गुरुजींचे, जांभळा पेनही गुरुजींनीच आणलेला. त्यांची पाळी आली तेव्हा ते आडोशाला गेले आणि पेन हातात घेऊन थांबले. पहिला नंबर उकंडाला, हे ठरलेलंच होतं. पण मग त्यांच्या डोळ्यांपुढं सव्वीस नोव्हेंबरचा, संविधान दिनाचा कार्यक्रम आला. स्टेजवर मधल्या खुर्चीत कोपराला झिजलेला स्वेटर घातलेला उकंडा, बाहेरून आलेल्या वक्त्याला ‘आमी काय सांगाव’ म्हणणारा. त्यांना त्याची लाज वाटली. जो माणूस त्यांच्या पोरीच्या लग्नात खांबावर चढला त्याची लाज वाटली, हे नंतर त्यांना कितीदा तरी आठवायचं होतं. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की दुसरा नंबर त्याचाच आहे, दोन नंबर काही कमी नसतो, आणि पहिला नंबर द्यायला बाकीची कॉलनी आहेच. त्यांनी इंगळेंपुढं एक लिहिला, उकंडरावपुढं दोन लिहिला, घडी घातली आणि पेटीत टाकली. हात वर करायचा असता तर समोर सतरंजीवर बसलेल्या उकंडासाठी तो नक्कीच वर गेला असता. ज्या गुप्त मतदानाचे गुण त्यांनी जन्मभर गायले, त्याचा हा दोष त्यांनी कुठल्या वर्गात शिकवलेला नव्हता.

दुपारून पेटी उघडली. गुरुजी एकेक चिठ्ठी उलगडून एक नंबर कोणाला ते मोठ्यानं वाचत होते. इंगळे. वानखडे. इंगळे. इंगळे. वानखडे. नियमाप्रमाणे दोन नंबर मोठ्यानं वाचायचा नव्हता, पण डोळ्यांना कोण अडवणार? प्रत्येक चिठ्ठीवर दोन नंबर उकंडरावला होता. साहेबांच्या माणसांनी दिला होता, नितेशच्या पोरांनी दिला होता. कॉलनीतल्या सगळ्यांना तो चालत होता आणि सगळ्यांनी पहिल्या नंबराचं काम शेजाऱ्यावर सोपवलं होतं. एकट्या इंगळ्यांसमोर त्याला उभं केलं असतं तर मतं बरोबरीत सुटली असती, एकट्या नितेशसमोर तर तो हसत आला असता. ही पद्धत नेमका तोच माणूस आधी बाद करणार होती. गवईंची सून समोरच बसली होती. गुरुजींनी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

एकच चिठ्ठी निराळी निघाली. तिच्यावर उकंडरावपुढं एक होता आणि बाकी काहीच नव्हतं. दोन नाही, तीन नाही.

इंगळे अठ्ठावीस, वानखडे सत्तावीस, खंडारे एक. अर्ध्याहून जास्त मतं कोणालाच नव्हती, म्हणून खंडारे बाद. त्याच्या एका चिठ्ठीवर दुसरी पसंती नाही, तेव्हा ते मत पुढं कोणाकडंच जात नाही, ते बाजूला ठेवायचं. हेही गुरुजींनीच समजावून सांगितलं. इंगळे साहेब निवडून आले. त्यांची माणसं टाळ्या वाजवत होती तोवर उकंडराव उठला, आडोशाची चादर सोडली, नीट घडी घालून कपाटात ठेवली आणि लोकांसाठी पंखा वाढवून घरी गेला. एवढ्या माणसांत त्याच्यासोबत दारापर्यंतही कोणी गेलं नाही. गुरुजीही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाटकातून हाक आली, “पंजाब, हायेस काय?” उकंडराव गरम गिला वड्याचा पुडा घेऊन आला होता. दहीही आठवणीनं आणलं होतं. बराच वेळ तो पंख्याच्या कंडेन्सरबद्दल बोलत राहिला. जमुनाबाईंनी वडे बशीत काढून दिले आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. मग त्यानं मान खाली घातली.

“एकच मत पडलं राजा. अन् तेबी माह्यं सोताचं नोतं. सोताच्या नावापुढं सोताच एक लिवाची मले शरम वाटली, म्या नितेशले देल्लं. मंग ते एक कोनाचं, हे काय मले सांगा लागते?” त्याचे डोळे भरून आले होते. “हारल्याचं काई नाई. पन एक तं पक्कं म्हनला होता, ते तू पाळलं.”

गुरुजींच्या तोंडात वड्याचा घास होता. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण घास गिळता गिळता त्यांच्या तोंडून निघालं, “त्यात काय एवढं.” या तीन शब्दांनी ते मत त्यांनी आपल्या नावावर करून घेतलं. उकंडरावनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, वयनीला जयभीम केला, बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला म्हणून काखेत मारला आणि तो गेला.

जमुनाबाई बश्या गोळा करत होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तसा आताही चढला नाही.

“ते एक मत माह्यं होतं,” त्या म्हणाल्या.

गुरुजींना पहिल्यांदा सुचलं काय, तर मास्तरकी. “अवो, तिन्ही आकडे लिवा म्हनून सांगतलं होतं ना मी. एकच काहून लिवला?”

“मले एकच मानूस पसंत होता. दोन कोनापुढं लिवू?”

गुरुजी चपला शोधायला लागले, आत्ताच जाऊन त्याला सांगतो म्हणाले. जमुनाबाई मधेच उभ्या राहिल्या.

“आता जाऊन काय सांगसान? त्याले एकच मत भेटलं. तो ते तुमचं समजून घरी घेऊन गेला. ते वापस मांगाले जाता काय?”

गुरुजी परत खुर्चीत बसले. बशीत उरलेला वडा दुपारपर्यंत तसाच पडून राहिला.

पाप दडपून बसता आलं असतं तर एक वेळ निभलं असतं, पण ते पुण्य होऊन कॉलनीभर फिरायला लागलं. उकंडराव दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला, की एवढ्या कॉलनीत माह्या पंजाबनं शब्द पाळला. लोकांना आपापला दोन नंबर आठवत होता, त्यामुळे त्यांना गुरुजींसमोर ओशाळं वाटू लागलं. एकेक जण गाठून सांगायचा, गुर्जी, आमाले वाटलं दुसरं कोनी देईन, तुमी तरी देल्लं, तुमची गोष्टच वेगळी. गवईंच्या सुनेनं तर वाकून नमस्कार केला. गुरुजी सकाळी फिरायला जायचे बंद झाले. पाठीवर शाबासकीचा हात पडला की त्यांना चोरी पकडल्यासारखं व्हायचं.

कहर केला तो इंगळे साहेबांनी. समितीच्या पहिल्या बैठकीत ते म्हणाले, तेलगोटे गुरुजींनी मला मत दिलं नाही हे मला समजलं आहे, पण मित्राला दिलेल्या शब्दाला जागणारा माणूसच आपल्याला सचिव म्हणून हवा. टाळ्या पडल्या. गुरुजींना ओरडून सांगावंसं वाटलं, की साहेब, मत मी तुम्हालाच दिलं आहे. ते सांगायची सोय नव्हती, आणि गप्प राहिलं तर सचिवपद पदरात पडत होतं. ते गप्प राहिले. कोपऱ्यात माईकची वायर गुंडाळत बसलेला उकंडराव सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होता.

सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिनाचा कार्यक्रम होता. वक्त्याचं येणं ऐन वेळी रद्द झालं, म्हणून मताचं मोल या विषयावर सचिवांनीच बोलायचं ठरलं. दुपारी गुरुजी विहारात गेले तेव्हा उकंडराव शिडीवर चढून बल्बची माळ बांधत होता. आणखी कोणी नव्हतं. त्यानं वरूनच शिडी धरायला सांगितलं आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपल्याला दोन मिनिटं माईक पाहिजे म्हणाला. भाषण येत नाही, पण पंजाबबद्दल एवढं एक चार लोकांपुढं सांगायचं आहे म्हणाला.

गुरुजींनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती. जमुनाबाईंचं बोलणं त्यांना आठवत होतं, पण आता सोसवेना. आपण हे उकंडासाठी बोलतो आहोत की स्वतःच्या जिवाला उसंत मिळावी म्हणून, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही, पुढंही कळलं नाही.

“उकंडा, ते मत माह्यं नोतं.”

वरचे हात थांबले. मग त्यानं धरलेली गाठ पुरी बांधली, पुढची बांधली, माळ ओढून पाहिली आणि एकेक पायरी उतरून खाली आला.

“कोनाचं होतं?”

“जमुनाचं.”

“अन् तुह्यं?”

“इंगळे साहेबाले. तुले दोन नंबर देल्ला.”

उकंडरावनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग आला असता तर गुरुजींनी तो डोक्यावर घेतला असता. त्यानं शिडी मिटवली, खांद्यावर घेतली आणि दाराकडं वळला. “दोन नंबर तं सगळ्यायनंच देल्ला म्हंतेत,” तो म्हणाला.

संध्याकाळी माईक खणखणीत चालला. उकंडरावनं दोन मिनिटं मागितली नाहीत. तो स्विचबोर्डाजवळ स्टुलावर बसून होता. गुरुजी बोलायला उभे राहिले. एक माणूस, एक मत, एक मूल्य, एवढं वाक्य त्यांनी उच्चारलं आणि पुढचं भाषण सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी व्याख्यान आवरतं घेतलं, नुसती संविधानाची उद्देशिका वाचली आणि खाली बसले. लोक म्हणाले, गुरुजींना गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पेपर घेऊन बसले होते. ओळखीच्या चपलांचा आवाज फाटकापाशी थांबला. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि हाकेची वाट पाहिली.

“वयनी, तुमी घरी हाये काय?”

जमुनाबाईंचे हात पिठात होते, म्हणून दार गुरुजींनीच उघडलं. उकंडराव दुरुस्त केलेला मिक्सर घेऊन उभा होता. त्यानं तो एका हातात धरला आणि दुसरा हात कपाळाला लावला.

“जयभीम, गुर्जी,” तो म्हणाला. “वयनीचा मिक्सर आनला.”

गुरुजी दारातून बाजूला सरकले आणि त्याला आत जाऊ दिलं.